समोर कुठे आणि भिंत कुठे

रविवारी सकाळी जिरावन घातलेले पोहे आणि जिलबी आटोपली की आमच्या इंदूरच्या घरात क्वेस्ट २ हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारा डोळ्यांवरचा चष्मा, बाहेर निघतो. परवा काकांनी तो सोफ्यावर बसून डोक्याला चढवला आणि लगेच तक्रार, "अरे, मेनू कुठाय? समोर नुसतं आकाश दिसतंय." मेनू होता, पण त्यांच्या पाठीमागे, शोकेसच्या बाजूला. भाचा म्हणाला, "काका, थांबा, बाउंड्री परत आखू या." बाउंड्री म्हणजे खेळायच्या जागेभोवतीचं कुंपण. काही गरज नव्हती. बिघडली होती ती दिशा, आणि दिशेचं काम रीसेंटरचं.

रीसेंटर म्हणजे हेडसेटला सांगणं की आता माझं तोंड आहे ते 'समोर'. सरळ बसायचं, पुढे बघायचं आणि उजव्या कंट्रोलरवरचं लोगोचं बटण दाबून धरायचं. सगळं दृश्य फिरून पुढ्यात येतं. तेच बटण नुसतं दाबून सोडलं तर मुख्य मेनू उघडतो. काका नेमके तेवढंच करत होते. (डाव्या कंट्रोलरवर तीन रेघांचं बटण असतं, ते चालू अ‍ॅपच्या स्वतःच्या मेनूचं.)

बाउंड्रीचा संबंध आभासी जगाशी नाही, आपल्या खोलीशी आहे. हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून खोली काळी-पांढरी दिसते, त्यात कंट्रोलरनं जमिनीवर रेघ ओढून कुंपण घालायचं. कुंपणाजवळ गेलात की जाळी दिसते, डोकं बाहेर गेलं की खरी खोली दिसते. उभं राहून हिंडायचं तर किमान २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा हवी. आमच्या दिवाणखान्यात टीपॉय उचलल्याशिवाय ती होत नाही. बसून खेळायचं तर 'स्टेशनरी', म्हणजे एका जागी राहण्याची, बाउंड्री निवडावी, आपल्याभोवती छोटं वर्तुळ मिळतं.

जमिनीची उंचीही बाउंड्री आखतानाच ठरते. त्यामुळे आपण गुडघ्यापर्यंत फरशीत रुतलोय असं वाटलं तर रीसेंटर कितीही दाबा, उपयोग नाही. फ्लोअर लेव्हलच नीट करावी लागते. आणि उलट, रीसेंटर केलं म्हणून खोलीभर आखलेलं कुंपण तुमच्यामागे सरकत येत नाही. भिंत होती तिथेच राहते, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

कुंपणाला छत नसतं, हेही ध्यानात ठेवा. हात वर करून चेंडू झेलणाऱ्याला पंख्याची सूचना मिळत नाही. आमच्याकडे आधी पंखा बंद, मग खेळ.

काकांनी बटण धरून ठेवलं. मेनू समोर आला. "हां, आता बरोबर!" म्हणत त्यांनी खुशीत हात फेकला. काकू नेमक्या चहाचा ट्रे घेऊन आत आल्या होत्या. बाउंड्री आखली तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या.