वादळात नाव बांधणे (शिवसागर जलाशय)

कोयना धरणाच्या फुगवट्याला शिवसागर म्हणतात. त्याच्या काठी बामणोली (ता. जावळी) व तापोळा (ता. महाबळेश्वर) येथे लाँच आणि होड्या उभ्या असतात. त्यांना एप्रिल-मेमध्ये वळवाचा, तर पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सोसावा लागतो. मोठे चक्रीवादळ येणार असले की समुद्रबंदरातली मोठी जहाजे धक्का सोडून खोल समुद्रात निघून जातात. इथल्या नावेला काठालगतच तग धरावा लागतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून छताची ताडपत्री व पडदे आधीच उतरवावेत. नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, वाऱ्याकडे हवी. वळवाचा वारा काही मिनिटांत फिरतो, तेव्हा दोन नांगर 45 ते 60 अंशांचा कोन ठेवून टाकणे बरे.

नांगर वजनापेक्षा दोराच्या लांबीवर जास्त टिकतो. ओढ आडवी असली की फाळ गाळात रुततो, उभी झाली की उपटतो. पाण्याची खोली आणि नाळेची उंची यांची बेरीज करून तिच्या सातपट दोर सोडावा: 5 मीटर पाणी, 1 मीटर नाळ, म्हणजे 42 मीटर. जुलैच्या मुसळधार पावसात पाणी 2 मीटर चढले, तर तोच दोर जेमतेम सव्वापाच पट उरतो. नांगराजवळ तीन-चार मीटर साखळी जोडली की ओढ आडवी राहते.

काठाचा दोर आखूड बांधणे ही सर्रास होणारी चूक. पाणी चढले की तो नाळ खाली ओढून धरतो आणि लाट आत येते. उन्हाळ्यात उलटे: पाणी ओसरून नाव उतारावर कलंडते. खुंटा पाणी चढण्याची शक्यता धरून वरच्या पक्क्या जमिनीत ठोकावा, आणि सकाळ-संध्याकाळ दोर सैल-घट्ट करावा.

नायलॉनचा दोर ताणून झटका पचवतो. प्लास्टिकचा स्वस्त दोर कमी ताणतो व उन्हात कुजतो. गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यावर येऊ शकते. दोर तुटतो तो बहुधा कठड्यावर घासून. तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवावा. दोन नावांमध्ये टायर लटकवावेत.

ओढ्याचे मुख आडोशाचे वाटते, पण पुरात तिथूनच ओंडके येतात. वादळात नावेवर कोणी थांबू नये. साचलेले पाणी वारा पडल्यावर उपसावे.