एकटेपणा मोजतात तरी कसा?

आठवड्यात किती जणांशी बोललात हे मोजणं सोपंय, पण त्यावरून माणूस एकटा पडलाय की नाही ते कळत नाही, आणि सगळी गोची इथेच आहे. घर माणसांनी भरलेलं असूनही आपलं कोणीच नाही असं वाटणारे असतात, आणि एकट्याने राहून मजेत असणारेही असतात. म्हणून संशोधक दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात.

पहिली म्हणजे प्रत्यक्षात माणसं किती. लुबेन स्केलच्या छोट्या फॉर्ममध्ये 6 प्रश्न आहेत, म्हणजे महिन्यातून एकदा तरी किती नातेवाईकांशी बोलणं होतं, मनातलं कोणाकोणाला सांगता येतं, अडीअडचणीला हाक मारता येईल असे किती, आणि मग हेच मित्रांबद्दल. 30 पैकी 12 च्या खाली स्कोअर आला की काळजीचं. दुसरी गोष्ट, आतून काय वाटतं. त्यासाठी 1978 पासून यूसीएलए स्केल आहे, त्यात 20 वाक्यं. पण फोनवर सर्वे घेताना एवढं कोण ऐकणार, म्हणून 2004 मध्ये 3 प्रश्नांची आवृत्ती आली: सोबतीला कोणी नाही असं किती वेळा वाटतं, आपल्याला बाजूला टाकलंय असं किती वेळा, आणि सगळ्यांपासून तुटल्यासारखं किती वेळा? ‘मी एकटा आहे’ असं थेट कबूल करायला लोक लाजतात, त्यामुळे असं आडून विचारलेलंच बरं.

आता आत्महत्येच्या विचारांशी याचा संबंध काय? थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडलं की दोन भावना एकत्र आल्या की धोका वाढतो, एक म्हणजे ‘माझं कोणी नाही’ आणि दुसरी ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’. या दोन्ही मोजायला 15 प्रश्नांची प्रश्नावली आहे, आणि बऱ्याच अभ्यासांत ओझं वाटण्याचा संबंध जास्त ठळक दिसतो. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण नुसत्या ‘चार लोकांत मिसळ’ या सल्ल्याने ओझ्याची भावना जातेच असं नाही.

आणखी एक भानगड म्हणजे हे सगळं स्थिर नसतं. मोबाईलवर दिवसातून अनेकदा प्रश्न पाठवून केलेल्या 2017 च्या एका अभ्यासात दिसलं की आत्महत्येचे विचार काही तासांतच वर-खाली होतात, एकटेपणाही तसाच. त्या-त्या वेळी दोन्ही जोडीने वाढलेले दिसतात, पण आत्ताच्या एकटेपणावरून पुढच्या काही तासांत विचार वाढतील का हे काही नीट सांगता आलं नाही. त्याच वर्षी 50 वर्षांतले 365 अभ्यास एकत्र करून पाहिले, तर आत्महत्येचा धोका ओळखायला वापरलेल्या कुठल्याही एकेका घटकाचा अंदाज छापा-काट्यापेक्षा थोडाच बरा निघाला!

म्हणजे एकटेपणाचा स्कोअर कमी आलाय म्हणून निर्धास्त राहू नका, शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइनशी बोलणं करून द्या.