न गळणाऱ्या केसांची किंमत

लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडॉर आणि पूडल या कुत्र्यांचा संकर, जन्माला आला तो एका व्यवहारी अडचणीतून. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरन यांनी आधी फारसे केस न गाळणारे पूडलच शिकवून पाहिले. ३३ पूडल झाले, एकही कामाचा निघाला नाही. मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पूडल नर आणि लॅब्राडॉर मादीची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळेचे नमुने हवाईला गेले, आणि नवऱ्याला त्रास झाला नाही तो फक्त एका पिल्लाचा.

लॅब्राडूडलचे केस गळत नाहीत, म्हणून त्याची ॲलर्जी होत नाही, असं सांगणारे विक्रेते नेमका हाच तपशील गाळतात. आईबाप तेच, वेतही तेच, तरी तिघांपैकी दोन पिल्लं नापास!

कारण ॲलर्जी केसांची नसतेच. ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. त्यातलं मुख्य म्हणजे ‘कॅन एफ १’. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, कण घरभर उडतात. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींचे केस तपासले. त्यांत पूडल होते, लॅब्राडूडलही होते. या कुत्र्यांच्या केसांत ‘कॅन एफ १’ इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच सापडलं. लॅब्राडूडलच्या घरात जमिनीवरच्या धुळीत ते थोडं कमी होतं, पण हवेत फरक नव्हता. तेव्हा घरात कुणाला ॲलर्जी असेल तर जातीचं नाव विसरा. जे पिल्लू आणायचं त्याच्याबरोबरच त्या माणसाला चार-पाच वेळा, बंद खोलीत, बराच वेळ बसू द्या, डॉक्टरांशीही बोला.

केसांची ठेवण बऱ्याच अंशी तीन जनुकांवर ठरते: एक दाढीमिशांचं, एक लांबीचं, एक कुरळेपणाचं. दाढीमिशांचं जनुक प्रभावी आहे, एकाच पालकाकडून आलं तरी पुरतं. म्हणून पहिल्या पिढीतलं बहुतेक प्रत्येक पिल्लू टेडीसारखं दिसतं. बाकीच्या दोन जनुकांचा जुगार असतो. पहिल्या पिढीतली दोन कुत्री एकमेकांशी जुळवली, तर एखाद्या पिल्लाला दाढीमिशांचं जनुकही न मिळता ते सरळ लॅब्राडॉरसारखं, भरपूर केस गाळणारं निघू शकतं. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

आणि समजा केस खरंच गळले नाहीत, तर जातात कुठे? अंगावरच अडकतात, नव्या केसांत गुंततात, जटा होतात. पिल्लाचे मऊ केस फसवे असतात. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान मोठेपणीचे केस येतात आणि खरी कसोटी तेव्हा लागते. नुसता वरवर ब्रश फिरवला की कुत्रा फुललेला दिसतो, कातडीलगत मात्र नमद्यासारखा थर बसलेला असतो. म्हणून थोडे थोडे केस बाजूला करून मुळापासून विंचरायचं आणि शेवटी धातूचा कंगवा अडखळतो का ते पाहायचं. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आधी बघा. गुंता न सोडवता आंघोळ घातली की तो आणखी आवळतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ओल त्या थराखाली तशीच राहते, त्वचा चिघळते, गोचीड दिसत नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी ग्रूमरचा, म्हणजे कुत्र्याचे केस कापून-विंचरून देणाऱ्याचा, खर्च धरूनच चाला. पिल्लू घरी आल्या दिवसापासून त्याच्या पंजांना, कानांना हात लावायची आणि केस कापायच्या मशीनच्या आवाजाची सवय लावली, तर पुढे ते कमी घाबरेल.

संकरित म्हणजे निरोगी, हा समजही टिकत नाही. २०२४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात कॉकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडल), लॅब्राडूडल आणि कॅव्हापू (कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि पूडल) या संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना झाली. बहुतेक आजारांत फरक आढळला नाही. त्याचं एक कारण समजायला सोपं आहे. दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक अप्रभावी जनुकदोष पूडलमध्येही असतो आणि लॅब्राडॉरमध्येही. दोन्ही पालक वाहक असतील, म्हणजे स्वतः ठीक पण दोष बाळगणारे, तर दर पिल्लामागे आंधळेपणाची शक्यता चारात एक. या दोषाची डीएनए चाचणी होते. खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे काढता येतात. दोन्ही पालकांचे हे अहवाल मागा, निदान आईला तरी प्रत्यक्ष भेटा. अहवालांऐवजी ‘क्रॉस आहे, आजारी पडत नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर पिल्लू कितीही गोड असो, पैसे खिशातच राहू द्या.