अर्धा मिलिमीटर वायूसाठी, बाकीचा पाइप आपल्यासाठी

रबाळे एम.आय.डी.सी.तल्या एका शेडमध्ये गेलो होतो. छताखालून जाणाऱ्या पिवळ्या पाइपला चेनब्लॉक अडकवून दोघेजण एक मोटार वर चढवत होते. पाइपात नैसर्गिक वायू, खाली भट्टी पेटलेली. मी ओरडलो तेव्हा त्यातला वयाने मोठा फिटर अगदी शांतपणे म्हणाला, "काय होत नाही साहेब. जाडजूड पाइप आहे. आम्ही कायम इथंच लावतो."

त्याचं अर्धं बोलणं खरं होतं. पाइप जाडजूडच होता, आणि तो तसा असण्याचं एक कारण हे फिटर मामा स्वतःच होते.

हिशेब करून पाहू. चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी. आत १० बार दाब धरू (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब). हा मुद्दाम जास्त धरतोय. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रस्त्याखालून कारखान्यांच्या दारापर्यंत येणाऱ्या पॉलिथिलीनच्या नळ्यांत दाब साधारण ४ बार असतो आणि घरच्या शेगडीपाशी तर जेमतेम २१ मिलिबार. आता कल्पना करा, पाइप लांबीच्या दिशेने मधोमध उभा चिरलाय. वायूचा दाब दोन्ही अर्धुकांना एकमेकांपासून दूर लोटतोय आणि दोन बाजूंच्या भिंती त्यांना धरून ठेवताहेत. दाब गुणिले व्यास हे लोटणारं बल, दोन्ही भिंतींची मिळून जाडी गुणिले पोलादाची ताकद हे धरणारं बल. कोड, म्हणजे पाइपांच्या नियमांचं पुस्तक, इतका सावध की पोलाद ज्या भाराला तुटतं त्याच्या फक्त एक-तृतीयांश भार तो मोजायला देतो. तरीही उत्तर येतं सुमारे ०.४ मिमी. खिशातलं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. म्हणजे वायूला आत कोंडून ठेवायला साधारण अर्ध्या कार्डाएवढा पत्रा पुरतो.

प्रत्यक्षात बसवतात तो 'शेड्यूल ४०'चा, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या एका प्रमाणित वर्गातला पाइप. त्याची जाडी ६.०२ मिमी, गरजेच्या जवळजवळ १५ पट.

मग बाकीचे साडेपाच मिलिमीटर कशासाठी? पाइप तयार होतानाच त्याची जाडी साडेबारा टक्क्यांनी कमी भरली तरी ती मान्य असते. नुसती ही सूटच पाऊण मिलिमीटरची झाली, म्हणजे वायूला लागणाऱ्या जाडीहून जास्त! त्यात गंज आला. ठाण्याच्या खाडीवरून येणारी खारट, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यासाठी दीड ते तीन मिमी आधीच बाजूला काढून ठेवतात. आटे पाडून जोडायचा पाइप असेल, तर दोन इंची पाइपच्या जेमतेम चार मिमी भिंतीतले दीड-पावणेदोन मिमी आटेच खाऊन टाकतात. उरलं ते पाइपच्या स्वतःच्या वजनासाठी, दोन आधारांमधल्या झोळासाठी, त्यावर पाय देऊन चढणाऱ्या रंगाऱ्यासाठी आणि आमच्या मामांच्या चेनब्लॉकसाठी. फरक एवढाच, की चेनब्लॉकचा भार कोणी मोजलेला नसतो. पाइपची भिंत तो सोसेल, पण शेजारच्या फ्लँजचं, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या कड्यांचं, गॅस्केट (मधली सीलची चकती) हलेल. गळती बहुधा भिंतीतून होतच नाही, ती सांध्यातून होते.

पाइपच्या कोडकडे मी असं पाहतो. अमेरिकेत १९०५ साली ब्रॉक्टन गावातल्या बूट कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं गेली, आणि पुढच्या दशकात तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने, ए.एस.एम.ई.ने, बॉयलरचा कोड लिहिला. पाइपांचा बी-३१ कोड प्रथम १९३५ साली आला. आज कारखान्यातल्या पाइपांसाठी बहुतेक ठिकाणी त्याचा ३१.३ हा भाग वापरतात. आपल्याकडे शहरातल्या वायूवाहिन्यांसाठी २००६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे नियम आहेत. सिलिंडर आणि दाबाच्या टाक्या नागपुरात मुख्यालय असलेल्या 'पेसो'च्या, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेच्या, कक्षेत येतात. ही पुस्तकं वाचायला रुक्ष असतात, कबूल. पण वाचताना दर पानावर जाणवतं की लिहिणाऱ्याला वायूपेक्षा माणसाची काळजी जास्त आहे: आज बसवणाऱ्याची, आणि वीस वर्षांनी ड्रॉइंग न बघता त्याच पाइपला हात घालणाऱ्याची.

पाइपच्या व्यासाचंच घ्या. त्याच प्रवाहाला वाटेत होणारी दाबाची घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलते. व्यास निम्मा केला की घट दुप्पट नव्हे, ३२ पट होते! आज एक भट्टी आहे म्हणून मालक बारीक पाइप घेतो. तीन वर्षांनी दुसरी भट्टी त्याच लायनीवर येते, बर्नर धापा टाकू लागतो, आणि मग कोणीतरी रेग्युलेटरचा स्क्रू पिळून दाब वाढवतो. म्हणूनच रेग्युलेटरच्या जोडीला स्लॅम-शट वॉल्व्ह ठेवतात. पुढचा दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो खटकन बंद होतो आणि माणसाने हाताने उघडल्याशिवाय उघडत नाही. हा त्रासदायक प्रकार आहे, आणि तो तसाच असायला हवा.

पाइप मध्येच यू आकाराचा वळसा घेतो तेव्हा 'हा खर्च कशाला?' असं हमखास विचारलं जातं. पोलादाचा एक मीटर पाइप एका अंशाला ०.०१२ मिमी लांबतो. पत्र्याच्या छतावरचा ६० मीटरचा पाइप जानेवारीच्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी सहज ३५ अंशांच्या फरकाने तापतो. म्हणजे तो इंचभर वाढतो. वळसा नसेल तर हा इंच कोणत्या तरी सांध्यातून जागा करून घेतो.

चाचणीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे अंतर्ज्ञान साफ फसतं. नवा पाइप पाण्याने भरून, तो ज्या दाबासाठी आखलाय त्याच्या दीडपट दाबाला तपासतात. 'पाणी कशाला, कॉम्प्रेसर आहेच की, हवा मारू,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. चार इंची पाइपच्या सव्वाशे मीटर लांबीत साधारण एक घनमीटर जागा असते. तिथे १० बारला पाणी भरलं, तर पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे साठलेली ऊर्जा सुमारे सव्वादोनशे जूल. दहा किलोची गोणी सव्वादोन मीटरवरून पडावी, तेवढीच. त्याच दाबाला हवा भरली तर साठतात तेरा-चौदा लाख जूल, म्हणजे सहा हजार पट. एक टनाची मोटारगाडी ताशी १८५-१९० किलोमीटर वेगाने धावावी इतकी ऊर्जा त्या निमूट पाइपात बसलेली असते. वेल्ड कच्चा निघाला तर पाण्याची पिचकारी उडते, हवेच्या वेळी मात्र पाइपचा तुकडा उडतो. हवेने चाचणी करायला कोड परवानगी देतो, पण कमी, साधारण १.१ पट दाबाला, पायरीपायरीने आणि माणसं लांब ठेवून.

आता वायू कोणता, ते. आमच्या ओळखीच्या एका कारखान्याने एल.पी.जी. सोडून पाइपचा नैसर्गिक वायू घेतला. बर्नर बदलले, रेग्युलेटर बदलले, उद्घाटनाला पेढे वाटले. गळती हुंगणारे डिटेक्टर मात्र राहिले जिथल्या तिथे, गुडघ्याच्या उंचीवर. एल.पी.जी. हवेपेक्षा जड, ती गटारात आणि खड्ड्यात जाऊन बसते, तिच्यासाठी ती जागा बरोबर होती. नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तो थेट छताखाली जमतो. कितीही गळला तरी ते डिटेक्टर बिचारे गप्पच राहिले असते.

सगळ्यात नाजूक वेळ असते पाइपात पहिल्यांदा वायू सोडायची. आत हवा असते. वायू तिला पुढे ढकलतो आणि दोघांच्या सीमेवर मिश्रण होतं. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो, आणि हे मिश्रण त्या पट्ट्यातून जातंच जातं. प्रश्न इतकाच की ते बाहेर कुठे पडतं. अमेरिकेत गार्नर इथल्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात जून २००९ मध्ये नव्या हीटरच्या पाइपातली हवा इमारतीच्या आतच सोडत होते. भरवसा नाकावर होता. पण सतत वासात राहिलेलं नाक थोड्या वेळाने वास घेणंच बंद करतं. शिवाय नवा कोरा पोलादी पाइप वायूत घातलेला वास स्वतःच शोषून घेतो. स्फोटात चार माणसं गेली. आठ महिन्यांनी, ७ फेब्रुवारी २०१० ला, अमेरिकेतल्याच मिडलटाउनच्या बांधकाम चालू असलेल्या वीज केंद्रात पाइपातला कचरा उडवून लावण्यासाठी चक्क नैसर्गिक वायूच सोडला गेला आणि सहा कामगार मेले. तेच काम दाबाच्या हवेने झालं असतं.

त्यामुळे हवा शेडच्या बाहेर, छताच्या वर, खिडक्यांपासून लांब सोडायची आणि मिश्रण मीटरने मोजायचं. मध्ये नायट्रोजन सोडला तर वायू आणि हवा भेटतच नाहीत. पण नायट्रोजनला वास नाही आणि बंद खोलीत तो माणसाला कळूही न देता गुदमरवतो, तेव्हा त्याचीही वाट बाहेरच हवी.

त्या रबाळ्याच्या शेडमध्ये शेवटी चेनब्लॉक उतरवला. मोटारीसाठी वेगळी तिवई आणली. मग मामा स्वतःहून साबणाच्या पाण्याची बादली आणि रंगाचा ब्रश घेऊन शिडीवर चढले आणि जवळच्या फ्लँजवर फेस फासू लागले. तिसऱ्या बोल्टपाशी एक बुडबुडा हळूहळू फुगला. मामा तो फुटेपर्यंत पाहत राहिले आणि खाली न बघताच म्हणाले, "साहेब, मेन वॉल्व्ह बंद करायला सांगा."