मार्क्सवादी स्त्रीवाद आणि समाजवादी स्त्रीवाद: फरक कुठे पडतो?

दोन्हींचा झेंडा लालच, म्हणून गल्लत होते. त्यात आपल्याकडे 'समाजवादी' म्हटलं की राष्ट्र सेवा दल, एसेम जोशी, मृणालताई गोरे आठवतात; इथे ती परंपरा अभिप्रेत नाही. वाद आहे तो बाईच्या कष्टांवर कोण पोसलं जातं, याचा.

मार्क्सवादी स्त्रीवाद मार्क्सचा सहकारी एंगेल्स याच्या 1884 सालच्या मांडणीवर उभा आहे. खाजगी मालमत्ता आली, ती आपल्याच मुलांकडे जावी म्हणून पुरुषाने बाईला ताब्यात ठेवलं. मग ज्या कामगाराकडे मालमत्ताच नाही, त्याच्या घरात पुरुषी वर्चस्वाला आधारच राहत नाही. बाईने कारखान्यात जावं, घरकाम आणि मुलं सांभाळणं समाजाने उचलावं, हा त्यावरचा उपाय.

हे समाजवादी स्त्रीवाद्यांना पटलं नाही. 1970 च्या दशकात अमेरिका-ब्रिटनमधल्या डाव्या चळवळींतूनच त्या पुढे आल्या होत्या. त्यांच्या मते भांडवलशाही आणि पितृसत्ता, म्हणजे पुरुषी वर्चस्वाची व्यवस्था, एकमेकींना टेकून उभ्या असतात, पण एक पडली म्हणून दुसरी पडेलच असं नाही. त्यांच्यातल्या अमेरिकन अर्थतज्ज्ञ हायडी हार्टमन यांनी तर कामगार पुरुषांनाही सोडलं नाही: कुटुंब पोसण्याइतका पगार पुरुषालाच मिळावा, या मागणीत त्यांचाही घरचा फायदा होता.

गिरणगाव घ्या. गावाकडून एकटे आलेले हजारो कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवत. मार्क्सवादी बाई म्हणेल, एवढ्या स्वस्तात जेवण मिळतं म्हणून मालकाला कमी पगार देऊन भागतं. खरंच आहे ते. पण खानावळीची भांडी घासून झाल्यावर स्वतःच्या नवऱ्याचं ताट कोण वाढतं? तो नवराही गिरणीतच पिळला जाणारा, आणि तरी घरात आयतं जेवणारा. इथे मालकाकडे बोट दाखवून काम भागत नाही. म्हणून मी समाजवादी स्त्रीवादाच्या बाजूची. कम्युनिस्ट कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना संघटित केलं. गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये त्या बसत नव्हत्या, कारण त्या कोणाच्या नोकरीतच नव्हत्या.

केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीतही हेच दिसतं. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष 97. आणि मुळात ते करणारे पुरुषच थोडे.

तरी माझ्या बाजूलाही एक मोठं भोक आहे. गिरण्यांच्या विणाई खात्यात दलितांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. हा विटाळ वर्ग आणि पितृसत्ता या दोन खणांत बसत नाही, आणि विटाळ पाळणाऱ्यांत सवर्ण बायकाही असतातच.