अमेरिकेत मुलांकडे जाताय? एक दिवस वाळवंटातल्या लोकलने सांता फे

मुलाकडे, लेकीकडे सहा महिने राहून आलेले आई-बाबा आमच्या ऑफिसात भेटायला येतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सगळं छान होतं हो, पण गाडी चालवता येत नाही म्हटल्यावर घरातच अडकून पडलो." ज्यांची मुलं न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम हे पत्रक काढलं आहे. तिथे तुम्ही दोघंच, मुलांना रजा घ्यायला न लावता, सकाळी रेल्वेने निघून, राज्याची राजधानी सांता फे पाहून संध्याकाळी घरी येऊ शकता.

गाडीचं नाव रेल रनर एक्सप्रेस. ती २००६ साली सुरू झाली आणि डिसेंबर २००८ पासून सांता फेपर्यंत जाऊ लागली. आपल्या पुणे-लोणावळा लोकलसारखीच ही नोकरदारांची गाडी, फक्त डबे दुमजली आणि वातानुकूलित. डब्यांवर रोडरनर हा तिथला राज्यपक्षी रंगवलेला आहे. हा कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा लांबचा भाऊबंद. दार बंद होताना 'मीप मीप' असा आवाज येतो. भारद्वाज दिसला की आपण दिवस चांगला जाणार म्हणतो, तेव्हा प्रवासाची सुरुवात तरी शुभच.

अल्बुकर्की डाउनटाउन ते सांता फे साधारण दीड तास लागतो. वरच्या मजल्यावर बसा. जाताना उजवीकडे सँडिया डोंगर दिसतो, डावीकडे रिओ ग्रांदे नदीकाठची झाडी. ऑक्टोबरात ही झाडं पिवळीधमक होतात. हे वाळवंट म्हणजे जैसलमेरसारखे वाळूचे ढिगारे नव्हेत. तांबूस माती, कोरडे ओढे आणि मधूनमधून जुनिपरची खुरटी झुडपं, असा उघडाबोडका मुलूख. शेवटच्या टप्प्यात रूळ चक्क महामार्गाच्या दोन बाजूंच्या मधून जातात.

वाटेत केवा, सान फेलिपे अशा मूळ रहिवाशांच्या वस्त्या लागतात. त्यांना पुएब्लो म्हणतात. त्यांच्या जमिनीवरून गाडी जात असताना फोटो काढू नयेत, अशी त्यांची विनंती असते. ती मनापासून पाळा. आपल्या दारात कोणी न विचारता कॅमेरा रोखला तर आपल्यालाही आवडणार नाही. तेवढा वेळ मोबाइल पर्समध्ये ठेवून नुसतं बघा.

सांता फे स्टेशनपासून मुख्य चौक, म्हणजे प्लाझा, रमतगमत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. घरं मातीच्या रंगाची, कडा गोलसर. माती आणि पेंढा कालवून उन्हात वाळवलेल्या विटांचं हे बांधकाम. जुन्या वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंती ज्यांनी पाहिल्यात, त्यांचा हात आपोआप भिंतीवर जाईल. प्लाझाला लागून १६१० च्या सुमाराची गव्हर्नरांची जुनी कचेरी आहे. तिच्या ओसरीत पुएब्लो आणि इतर मूळ रहिवासी कारागीर चादर पसरून चांदीचे, फिरोजाचे दागिने विकतात. हे दागिने त्यांनी स्वतः घडवलेले असतात, म्हणून तुळशीबागेसारखी घासाघीस करू नका.

जेवायला गेलात की "रेड ऑर ग्रीन?" असं विचारतील. लाल मिरचीचा रस्सा हवा की हिरव्या, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही हवे असतील तर 'ख्रिसमस' म्हणा. सोपापिया हा पदार्थ म्हणजे टम्म फुगलेली पुरीच, वर मध घालून खातात. शाकाहारी असाल तर राजम्यात आणि रश्श्यात डुकराची चरबी किंवा मांस आहे का, हे आधी स्पष्ट विचारा. पुष्कळदा असतं आणि दिसून येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. सांता फे जवळजवळ २,२०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. हवा विरळ आणि अतिशय कोरडी असते. घाम येतो तो लगेच सुकतो, त्यामुळे तहान लागल्याचं कळत नाही आणि दुपारी डोकं धरतं. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, ओठांना लावायला तूप किंवा व्हॅसलिन आणि संध्याकाळसाठी स्वेटर घ्याच. रक्तदाबाची, हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून मगच बेत ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही मान्सून असतो : दुपारी ढग दाटतात आणि विजांसह सर कोसळते. तेव्हा छत्री न्या, आणि वीज चमकायला लागली की आडोशाला जा.

तिकीट ऑनलाइन काढा किंवा गाडीत घ्या. दिवसभराचा पास मिळतो, ज्येष्ठांना सवलत आहे, त्यामुळे वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत जवळ असू द्या. गाड्या मात्र मोजक्याच आहेत, शनिवार-रविवारी आणखी कमी. एक चुकली तर दुसरी लगेच येईल या भरवशावर राहू नका. परतताना खिडकी डाव्या बाजूची पकडा. मावळतीच्या उन्हात सँडिया डोंगर गुलाबी होतो. स्पॅनिशमध्ये सँडिया म्हणजे कलिंगड.

पुण्याहून निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आम्हाला सांगितलंत, तर त्या दिवसाचं वेळापत्रक मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून देऊ. परतीच्या शेवटच्या गाडीखाली लाल रेघ मारलेली असेल.