काका मला वाचवा: शनिवारवाड्याच्या भुतामागची खरी गोष्ट

अमावस्येच्या रात्री पुण्यात पेशव्यांच्या शनिवारवाड्यातून "काका मला वाचवा" अशी आर्त हाक ऐकू येते, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. काही जण अमावस्या नाही पौर्णिमा म्हणतात, त्यावर अजून एकमत झालेलं नाही. हॉन्टेड जागांचा कुठलाही व्हिडिओ लावा, भानगढच्या मागोमाग आपला वाडा येतोच. पण ही हाक नक्की कुठल्या प्रसंगातली, भुताची गोष्ट कधीपासून सुरू झाली आणि मधल्या अडीचशे वर्षांत तिचं काय काय झालं, हे फारसं कोणी सांगत बसत नाही.

वाड्याचा पाया घातला पहिल्या बाजीरावाने, १० जानेवारी १७३० ला, आणि वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ ला. दोन्ही दिवस शनिवार. पुढे वाडा वाढत गेला, माणसं वाढली, आणि घर मोठं झालं की भाऊबंदकी येतेच तशी इथेही आली. पानिपतानंतर नानासाहेब गेले, धाकट्या वयात माधवराव गादीवर आला आणि त्याचा काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, कायमचा दुखावला गेला. दादा लढवय्या होता यात शंका नाही, पण पेशवाई आपल्याला मिळायला हवी होती हे त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. १७६८ मध्ये धोडपला पुतण्याने त्याला हरवलं आणि आणून याच वाड्यात नजरकैदेत ठेवलं. नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला माधवराव क्षयाने गेला आणि पेशवाईची वस्त्रं मिळाली त्याच्या धाकट्या भावाला, नारायणरावाला. हाक मारणारा तो हाच.

इथे एक गोष्ट आधी क्लिअर करतो. भुताच्या गोष्टीत नारायणराव म्हणजे आठ-दहा वर्षांचं पोर असतं, चित्रातही तसाच काढतात. त्याचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. म्हणजे मेला तेव्हा त्याला अठरा नुकतीच पूर्ण झाली होती, लग्न झालेलं होतं आणि बायको गंगाबाई गरोदर होती. तापट होता, माणसं दुखवायचा असं बहुतेक सगळे लिहितात. बापुडवाणं लेकरू वगैरे नव्हता. पण हाक मारणारा लहान असला की अंगावर काटा जास्त येतो, त्यामुळे गोष्टीने त्याचं वय परस्पर कमी करून टाकलं.

आता तो दिवस. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणपतीचे दिवस. वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी होते, म्हणजे कवायती पायदळाचे भाडोत्री शिपाई, आणि त्यांचा पगार थकलेला होता. सकाळपासूनच त्यांच्यात कुजबुज चालू होती. ग्रँट डफ या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत बारकाईने दिलीय. नारायणरावाच्या कानावर गडबड आली होती, त्याने आपले सरदार हरिपंत फडके यांना बंदोबस्त करायला सांगितलंही, आणि हरिपंत ते काम मागे टाकून जेवायला गेले. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सर्वात भयंकर भाग हाच आहे.

जेवणं झाली, पेशवा आडवा झाला, आणि सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग हे आपापली माणसं घेऊन पगार पगार असं ओरडत आत घुसले, वाटेत येईल त्याला कापत सुटले, नोकर गेले, दासी गेल्या, एक गायही गेली असं सांगतात. नारायणराव उठून पळाला तो थेट काकाच्या दालनात आणि त्याला मिठी मारून मला वाचवा म्हणाला. ग्रँट डफ म्हणतो की दादाने सुमेरसिंगला सोड त्याला म्हटलं, पण सुमेरसिंगचं उत्तर साधारण असं होतं की आता याला सोडलं तर आमचीच मान जाईल, तू बाजूला हो नाहीतर तूही मरशील. दादा बाजूला झाला. दादाचा नोकर तुळाजी पवार याने नारायणरावाचा पाय धरून त्याला खाली ओढलं. तेवढ्यात चापाजी टिळेकर नावाचा नारायणरावाचा नोकर, हातात शस्त्र नसताना, धावत आला आणि मालकाला बिलगला. दोघांनाही तिथेच कापलं. प्रेत रात्री वाड्याच्या ज्या दरवाजातून काढून नदीकाठी नेलं त्याला तेव्हापासून नारायण दरवाजा म्हणतात.

म्हणजे ती हाक नुसती भुताची नाहीये, १८२६ च्या छापील इतिहासातही ती आहे. शब्द हेच होते का ते सोडा, पण काकाला मिठी मारून जीव वाचवायची विनवणी केली हा प्रसंग तेव्हाच लिहिला गेला होता.

पुढे पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दादावर ठपका ठेवला, याला प्रायश्चित्त एकच, देहान्त, असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. दादाची बायको आनंदीबाई हिने कागदावर ध चा मा केला, म्हणजे 'धरावे'चं 'मारावे' केलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण तो कागद दाखवायला कोणाकडे नाही, आणि सगळं खापर बाईच्या माथी फोडलं की बाकीचे आपोआप सुटतात, हे काही आपल्याकडे नवीन नाही. दादा पेशवा झाला, काही महिन्यांतच बारभाईंनी, म्हणजे एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्याला उखडला, १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर गंगाबाईला मुलगा झाला तोच सवाई माधवराव, आणि दादा इंग्रजांच्या दारात गेला. सुरतेचा तह, मग युद्ध, मग १७८२ चा सालबाईचा तह. एका खुनाची किंमत इतकी.

भूत कधी आलं? ते काही लगेच वाड्यात हाका मारत फिरायला लागलं नाही. जुनी आख्यायिका आहे ती दुसऱ्या बाजीरावाची, म्हणजे राघोबादादाच्याच मुलाची. नारायणराव आपल्याला छळतो असं त्याला वाटायचं, आणि त्या पिशाच्चाला शांत करायला त्याने ब्राह्मणांना दानं दिली आणि पुण्याभोवती लाखो आंब्याची झाडं लावली, असं सांगतात. आकडा फुगवलेला असणार, पण गोष्टीची रचना बघा. बापाने केलेलं मुलाच्या मानगुटीवर बसलंय, आणि उपाय काय तर दान, झाडं, शांती. हा बाजीराव शनिवारवाड्यात फार रमलाही नाही, त्याने विश्रामबागवाडा बांधला आणि तिकडे राहिला. कारणं वेगळीही असतील, तरी लोकांनी दोन अधिक दोन केलंच असणार.

हे आपल्या जुन्या भुताखेतांच्या हिशोबाला धरूनच आहे. आपल्याकडची भुतं म्हणजे पक्का पत्ता असलेली मंडळी. मुंजा, म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधीच मेलेला मुलगा, पिंपळावर, आसरा पाण्यापाशी, गिऱ्हाही पाण्यातला, समंध वारसा किंवा धन अडलेल्या घरात, वेताळ आपली पालखी घेऊन गावाच्या वेशीवर. प्रत्येकाची काही ना काही मागणी असते, नारळ, कोंबडा, दहीभात, आणि ती भागवणारा भगत किंवा देवरुषी असतो. कोकणातल्या या सगळ्या समजुतींची व्यवस्थित नोंद झाली ती नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यामुळे, त्याने शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवून माहिती गोळा केली. हाच तो जॅक्सन ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेने नाटकाच्या थिएटरात गोळ्या घातल्या. त्याची टिपणं मग एन्थोव्हेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने संपादित करून १९१५ मध्ये छापली. भुतांच्या अभ्यासाचा इतिहास पण असा रक्तबंबाळ आहे.

त्या यादीत आजचा शनिवारवाड्यातला नारायणराव कुठे बसवणार? तो मुंजा नाही, लग्न झालेलं. तो झाड धरत नाही, कोणाला झपाटत नाही, काही मागत नाही, त्याच्यावर भगताचा उतारा नाही. नुसता आवाज. बाजीरावाच्या वेळचं भूत कुटुंबातलं होतं आणि त्याचा हिशोब चुकता करता येत होता. पेशव्यांचं कुटुंबच पुण्यातून गेलं, १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, आणि मग हिशोब मागायला समोर कोणी उरलं नाही.

इंग्रजांनी वाड्यात तुरुंग, दवाखाना, वेड्यांचं इस्पितळ असं काय काय भरलं. अशा जागेतून रात्री ओरडणं, रडणं ऐकू यायला भूत कशाला लागतं. माझा आपला अंदाज, पुरावा नाही, पण रात्रीच्या हाकांची गोष्ट पक्की व्हायला हा काळ फार सोयीचा होता. नंतर २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली, सात दिवस जळत होती म्हणतात. लाकडी मजले, महाल, दादाचं दालन, सगळं गेलं. राहिले तट, दरवाजे आणि जोती. आज आपण जिथे उभं राहून ऐकायचा प्रयत्न करतो तिथे ती खोलीच नाहीये.

बाकी काम नाटक-सिनेमाने केलं. १९०९ मध्ये खाडिलकरांचं भाऊबंदकी आलं, १९४४ मध्ये प्रभातचा रामशास्त्री आला, पेशव्यांची ही गोष्ट घराघरात गेली. नंतर सहली, मग टीव्ही, मग रील्स. वाड्यात बरीच वर्षं संध्याकाळी लाइट अँड साउंड शो व्हायचा, म्हणजे सरकारी खर्चाने स्पीकरवरून आवाज. भुताला एवढी सोय दुसरीकडे कुठे मिळाली नसेल.

आणखी एक गंमत. याच वाड्यात दुसरा एक पेशवा असाच अकाली गेला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव, म्हणजे नारायणरावाचाच मुलगा, वरच्या मजल्यावरून खाली पडला आणि दोन दिवसांनी वारला. एकवीस वर्षांचा. अपघात की आत्महत्या यावर वाद आहेत, भूत व्हायला लागणारं सगळं सामान आहे, तरी त्याची हाक कोणाला येत नाही. त्याच्या नावावर लक्षात राहील असं एक वाक्य नाही, मला तरी दुसरं कारण दिसत नाही. चापाजी टिळेकरचंही तेच, तो तर काही न बोलताच मेला.

आणि ज्यांना रात्री कुंपणापाशी जाऊन रेकॉर्डिंग करायचंय त्यांच्यासाठी, तिथी शुद्ध त्रयोदशी होती, अमावस्याही नाही आणि पौर्णिमाही नाही, आणि खून भर दुपारी झाला. त्या वेळेला वाडा उघडा असतो, तिकीट काढा आणि सरळ आत जा.